बद्रीनाथ स्पीकरवाल्यांचं बोट

पट्ट्याची मशीन घ्यावी की डायरेक्ट ड्राइव्ह, हे माझ्याकडे येणारा प्रत्येक जण विचारतो. उत्तर तो आधीच इंटरनेटवरून पाठ करून आलेला असतो, माझ्याकडून फक्त मान डोलावून हवी असते. तुम्हीही तसेच आला असाल, तरी बसा. मशीन दाखवतो, पण आधी एक गोष्ट सांगतो. ती ऐकल्यावर कुठली घ्यायची ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी मार्तंड. टेलिफोन खात्यात तीस वर्षं तारा जोडल्या, आणि निवृत्त झाल्यावर जुन्या जालन्यातल्या या घराच्या पुढच्या खोलीत रेकॉर्डच्या मशीनी मांडून बसलो. माझी बायको अरुंधती याला म्हातारचळ म्हणते. पण रेकॉर्डींचं वेड पुन्हा आलं आणि माझा म्हातारचळ कामाला आला. मशीन निवडून द्यायची, जुनी असेल तर उघडून साफ करायची, सुई बदलायची, वजन लावायचं, एवढंच माझं काम.

फरक थोडक्यात सांगतो. रेकॉर्ड जिच्यावर ठेवतात त्या जड गोल चकतीला प्लेटर म्हणतात. पट्ट्याच्या मशीनमध्ये मोटर बाजूला असते आणि रबराचा पट्टा प्लेटर ओढतो. पट्टा जुना झाला की स्पीड हलतो. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट प्लेटरच्या पोटाखाली बसते, आणि आतलं क्वार्ट्‌झ घड्याळासारखं तिच्यावर नजर ठेवतं. प्लेटरच्या कडेला ठिपके असतात, त्यावर एक छोटा लाल दिवा पडतो. स्पीड बरोबर असला की ठिपके जागच्या जागी थांबलेले दिसतात. स्पीड कमी झाला की मागे सरकतात, वाढला की पुढे. या ठिपक्यांशी खोटं बोलता येत नाही. मला त्यांचं हेच आवडायचं.

गेल्या वैशाखाच्या आधी रामप्रसाद नावाचा एक तरुण आला. इथे बियाण्यांच्या कंपनीत नोकरीला, गाव हसनाबाद. कुठली कंपनी, कुठलं मॉडेल, काहीच विचारलं नाही त्याने. म्हणाला, "काका, बोट लावावं लागणार न्हाई अशी मशीन पाहिजे. आईची अट हाय."

"बोट कशाला लावायचं?"

"बाबा लावायचे. तुम्ही ऐकलं असंल, बद्रीनाथ स्पीकरवाले."

ऐकलं होतं. भोकरदन तालुक्यात एके काळी बद्रीनाथांच्या भोंग्याशिवाय लग्न लागत नसे. राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी असली की त्यांच्या रेकॉर्डी पहाटेपासून सुरू. माणूस वर्षापूर्वी गेला होता.

मी रामप्रसादसाठी तीस वर्षं जुनी, पण हाडाची मजबूत जपानी डायरेक्ट ड्राइव्ह निवडली. उघडून साफ केली, मोटरच्या दांड्याखाली तेलाचा थेंब सोडला, नवी सुई बसवली. दोन दिवस चालवून बघितली. ठिपके भिंतीवरच्या खिळ्यासारखे जागचे हलले नाहीत. मग एका रविवारी सकाळी रामप्रसादच्या गाडीत मशीन मांडीवर घेऊन निघालो. राजूर मागे टाकून हसनाबादला पोचलो तेव्हा साडेअकरा होत आले होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

घर साधं, सिमेंटचं, स्लॅबचं. पुढच्या खोलीत एका बाजूला रेकॉर्डींच्या पत्र्याच्या पेट्या एकावर एक, आणि खिडकीजवळ लाकडी टेबलावर बद्रीनाथांची जुनी पट्ट्याची मशीन. तिच्यासमोर एक लोखंडी खुर्ची. सोनूबाई, म्हणजे रामप्रसादची आई, आम्हाला पाणी देऊन खाली भिंतीला टेकून बसल्या. मी सवयीने त्या खुर्चीकडे वळलो, तर त्या हळूच म्हणाल्या, "तिथं नका बसू भाऊ. दुसरी हाय."

माणूस गेल्यावर त्याची खुर्ची कुणी जपतं. मी दुसरी घेतली.

कारागिराने आधी जुनं काम बघावं, नव्याची घाई करू नये. मी जुनी मशीन उघडली आणि बद्रीनाथांना मनातल्या मनात नमस्कार केला. जनरेटरवर मशीन लावली की स्पीड खाली-वर होतो, सनई रडायला लागते. म्हणून त्यांनी मोटरच्या पुलीवर चिकटपट्टीचे वेढे देऊन ती जाड केली होती. त्याने मशीन मुद्दाम थोडी जास्त पळायची. मग रेकॉर्ड चालू असेपर्यंत प्लेटरच्या कडेला बोट टेकवून, नुसत्या कानाने, ते तिला बरोबर स्पीडवर आणून धरायचे. बोटाने मशीन हळू करता येते, जोरात करता येत नाही. म्हणून आधी जोरात करून ठेवायची. साधी युक्ती, पण चाळीस वर्षं ती करायची म्हणजे खायचं काम नाही.

"म्हंजे त्यांना उठताच यायचं न्हाई," सोनूबाई म्हणाल्या. "सारं गाव पंगतीत बसायचं, आन्‌ हे मशीनीपाशी. वऱ्हाडी बोलवायचे, चला बद्रीनाथ, जेवून घ्या. हे म्हणायचे, आलो, येवढी रेकॉर्ड होऊ द्या. येक झाली की दुसरी. चाळीस वर्षांत माझ्याबराबर येका पंगतीत बसले न्हाईत." थोडं थांबून म्हणाल्या, "गेले बी तसेच. ह्याच खुर्चीवर, बोट लावून. रेकॉर्ड सपूस्तोर आमाला कळलंच न्हाई."

रामप्रसाद खिडकीबाहेर बघत होता.

मी पुलीवरची जाडी बघून म्हणालो, "मग आता ही मशीन बरीच पळत असेल."

"लावून बघा," सोनूबाई म्हणाल्या.

प्लेटरच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला पस्तीस. बरोबर, ठरलेल्या तेहेतीसच्या जागी पस्तीस, पळतेच आहे. मग सोनूबाईंनी पेटीतून सनईची रेकॉर्ड काढून दिली. ती ठेवली, सुई टेकवली. लग्नाच्या सकाळची सनई खोलीत पसरली आणि माझा कान टवकारला. सूर अगदी बरोबर होता. पुन्हा फेरे मोजले. तेहेतीस.

रेकॉर्डचं वजन, सुईचं घासणं, जुना पट्टा. मी भराभर कारणं काढली आणि मोठ्याने सांगितली. टेलिफोन खात्यात असताना साहेबाला द्यायचो तशीच. पण सुईच्या घासण्याने दोन फेरे कमी होत नाहीत, हे मला त्याही वेळी ठाऊक होतं.

सोनूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "न्हाई भाऊ. ते हायेत. वरीस झालं, बोट लावून बसलेत. मला भ्या न्हाई वाटत. पर जीव तुटतो. मेल्यावर बी सुट्टी न्हाई का मानसाला?" त्यांनी डोळे पुसले नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हनून म्हनलं, बोटाची गरजच पडणार न्हाई अशी मशीन आना. त्यांचा हात मोकळा करायचाय मला. बाकी काई न्हाई."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेल्यावरही गेली नव्हती, असं त्या माउलीचं म्हणणं. मला हसू आलं नाही. वाईट वाटलं, आणि आपल्या मशीनबद्दल थोडा गर्वही वाटला. म्हटलं, "सोनूबाई, हिला बोट लावायचं ठरवलं तरी लागणार नाही. अंगठा रोवून दाबलं तरी ही मोटर हटत नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

टेबल डुगडुगत होतं, म्हणून अंगणातली शहाबादी फरशी आणून त्यावर ठेवली. पाणपातळी लावून मशीन सपाट केली. गुरगुर येऊ नये म्हणून अर्थची तार बांधली. सुईचं वजन काट्यावर मोजलं. मग रेकॉर्डशिवाय प्लेटर चालू केला. लाल दिवा लागला, ठिपके थांबले. रामप्रसाद वाकून बघत म्हणाला, "आई, बघ गं. बिलकुल हलंना."

सनईची रेकॉर्ड ठेवली. सुई टेकवली.

पहिले काही सूर ठीक आले. जुन्या मशीनपेक्षा किती तरी स्वच्छ. सनईवाल्याने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. आणि मग सूर खाली बसायला लागला. एकदम नाही, हळूहळू. मी ठिपक्यांकडे बघितलं. ते मागे सरकत होते.

दोन दिवस तपासलेली मशीन होती ती. मी सुई उचलली. ठिपके थांबले. टेकवली, पुन्हा मागे. वजन कमी केलं. दुसरी रेकॉर्ड लावली. वायर बदलली. काहीच फरक नाही. मोटरला हात लावला तर ती तापली होती. कुणी अडवत असलं की अशी तापते. बाहेर बारा वाजून गेले होते, दारातून ऊन आत आलं होतं, पंखा फिरत होता, आणि खोलीत डिझेलचा वास यायला लागला होता.

"जनरेटर आहे का मागे?" मी विचारलं.

"कवाचाच इकला," रामप्रसाद म्हणाला. त्यालाही वास आला होता.

आता मी जे केलं ते कुठल्याही मिस्त्रीने केलं असतं. मशीनच्या उजव्या बाजूला स्पीड कमी-जास्त करायचा स्लायडर असतो. ठिपके मागे जातायत ना, मग स्लायडर पुढे. थोडा ढकलला, पुरला नाही. आणखी ढकलला. पाचाच्या खुणेच्या पुढे गेल्यावर ठिपके डुलले, रेंगाळले आणि थांबले. सनई उभी राहिली. सूर असा लख्ख, की रामप्रसादने माझा दंड धरला. "जमलं काका."

मी घाम पुसला आणि सोनूबाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी मशीन फास्ट केली न्हाई का?"

"थोडी करावी लागली."

"म्हंजे आता बोट काडलं तर पळंल."

माझं बोट अजून स्लायडरवरच होतं.

"ह्यांनी बी असंच केलं व्हतं... पुली जाड करून. तुमी त्यांला पुन्यांदा कामाला लावलं भाऊ."

इतक्या वर्षांच्या कारागिरीत मला इतकं कुणी उघडं पाडलं नव्हतं. बाईचं म्हणणं शब्दाशब्दाला खरं होतं. मी मशीन दुरुस्त केली नव्हती, मी एका मेलेल्या माणसाच्या बोटाला धरून हिशेब जुळवला होता. आणि ते बोट तिथे आहे, हे माझ्या हाताने कबूल केलं होतं. मानेवरून घामाची धार गेली, ती गार होती.

मी स्लायडर शून्यावर आणला. सनई पुन्हा रडायला लागली, ठिपके मागे निघाले. डिझेलचा वास वाढला. त्या रिकाम्या लोखंडी खुर्चीकडे बघायचं मी टाळत होतो, पण आता बघावंच लागलं. खुर्ची नुसती खुर्ची होती. मी तिच्याशी बोललो. अरुंधतीला हे अजून सांगितलेलं नाही.

"बद्रीनाथ," मी म्हणालो. "मी पण मशीनवालाच आहे. तुमची पुली बघितली... असं काम मला जमलं नसतं. पण ही मशीन वेगळी आहे. हिच्यात पट्टाच नाही. हिला धरायला लागत नाही..."

ठिपके मागेच जात होते.

"तुम्ही धरलंय म्हणून ती बिघडतेय," मी म्हणालो. "ते ठिपके बघा. फक्त एकदा हात काढून बघा... नाही जमलं तर पुन्हा लावा. मी कुठे पळून जात नाही."

खोलीत सनईचा तो रडका सूर, पंख्याची खटखट, आणि रामप्रसादचा श्वास. सोनूबाई भिंतीला धरून उठल्या. मशीनपाशी आल्या. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, घरात एकमेकांशी बोलतात तशा हलक्या आवाजात म्हणाल्या, "आवं, सोडा आता... लगीन लागलं. सारी पंगत उठली."

ठिपके मागे जाता जाता मंदावले. एक क्षण डुलले. मग एकदम पुढे झेपावले, जशी ताणलेली दोरी सुटते, आणि थांबले. सूर सरळ झाला. मी स्लायडरकडे बघितलं. शून्यावर होता.

रेकॉर्डची सगळी बाजू आम्ही उभ्याने ऐकली. कुणी कुणाकडे बघितलं नाही. शेवटी सुई आपोआप उचलली जाऊन बाजूला गेली, तेव्हा डिझेलचा वास नव्हता. सोनूबाई रडत होत्या, पण तोंडावर हसू होतं. त्यांनी मला वाकून नमस्कार केला. मी मागे सरलो, मला तो घ्यायची लाज वाटली. निघताना त्या म्हणाल्या, "लई उपकार झाले भाऊ. सुटले."

परत येताना गाडीत मीही ढसाढसा रडलो. कशासाठी, ते विचारू नका.

तीन आठवडे गेले. एका डॉक्टरांची पट्ट्याची मशीन माझ्याकडे आली होती. स्वस्तातली, चकचकीत, दिखाऊ. मोटरवरचा ताबाच सुटलेला, गाणं चिमण्यांच्या भांडणासारखं पळायचं. सकाळपासून तिच्याशी झटत होतो. एक जुनं गाणं लावून ठेवलं होतं, आणि तेवढ्यात सोनूबाईंचा फोन आला.

"भाऊ, बरं हाय ना?"

"बरं आहे. मशीन कशी आहे?"

"मशीन येक नंबर. तिची काई तक्रार न्हाई." मग म्हणाल्या, "येक इचारायचं व्हतं. हसू नका. हात सुटला त्यांचा, ते बराबर. पर गेले कुटं, त्ये कळंना. आदी मशीनीपाशी असायचे, म्हंजे मला ठाऊक तर व्हतं कुटं हायेत. आता घरात कुटंच न्हाईत. मला वाटलं, जेवाया तरी बसतील येक बार. तुमच्याकडं तर न्हाई आले?"

"नाही हो," मी म्हणालो. "इथे कोण येणार? मी एका पळणाऱ्या मशीनपुढे डोकं फोडून राह्यलोय सकाळपासून."

"कोन्ती पळून राह्यली?"

"ही काय, ऐकताय ना मागे."

सोनूबाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. चाळीस वर्षं स्पीकरवाल्याच्या घरात काढलेली बाई. तिचा कान माझ्या सगळ्या यंत्रांपेक्षा तयार.

"भाऊ," त्या हळू म्हणाल्या, "ही तर बराबर वाजून राह्यलीय."

मी मशीनकडे वळलो. गाणं शांतपणे, जसं असायला हवं तसं चाललं होतं. फोन आल्यापासून मी एकही स्क्रू फिरवला नव्हता.

सोनूबाई म्हणाल्या, "जित्तं असूस्तोर न्हाई आयकलं, आता काय आयकतील. कामाचं मानूस." आणि मग, अगदी हळू, "येक वाजून गेला असंल. त्यांला जेवाया उठवा भाऊ... माझं नाव सांगा."

फोन ठेवला तरी मी जागचा हललो नाही.

ती मशीन अजून इथेच आहे, तुमच्या मागच्या कपाटावर. डॉक्टर दर आठवड्याला विचारतात, मी म्हणतो, होतंय. दुरुस्ती तासाभराची आहे. सुटा भाग आणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. पण मी ती नीट केली आणि हात पुन्हा सुटला, तर आता कुठे जातील? निदान इथे आहेत, हे सोनूबाईंना ठाऊक आहे. रोज त्यांचा फोन येतो, मी फोन मशीनजवळ धरतो, त्या एक गाणं ऐकतात आणि ठेवतात.

अरुंधतीला मी यातलं काही सांगितलं नाही. ती भित्री आहे. रोज एक वाजता आतून हाक मारते, जेवायला चला. मी एकदा आलो म्हणतो आणि जातो.

परवा ताट वाढता वाढता तिने विचारलं, "हल्ली दोनदा ‘आलो’ कशाला म्हणता हो?"